परवान्यासाठी केलेलं लग्न

सांगलीची वैजयंती लग्न करून जर्मनीला गेली आणि वर्षभरातच नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वेगळी राहू लागली. तिचा तिथे राहण्याचा परवाना मात्र नवऱ्यामुळे मिळालेला. साहजिकच, वेगळी राहिल्यावर तो टिकतो का हे तपासायला परवाने देणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं.

अधिकारी तिच्याकडे चोराकडे पाहावं तसा पाहत होता. "तुमचे पती म्हणतात, तुम्ही फक्त परवान्यासाठी लग्न केलंत. मलाही तोच संशय आहे."

वैजयंतीने थेट त्याच्याकडे पाहिलं.

"साहेब, परवानाच हवा असता तर मुकाट्याने मार खात त्यांच्याच घरी राहिले असते. तुम्हीही काही न विचारता शिक्का मारला असता. परवाना घालवायची तयारी ठेवून मी बाहेर पडले, ती कशाच्या लोभाने?"

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही घर का सोडलंत, हे मी तुमच्या पतींना विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

पुढचा परवाना वैजयंतीला नवऱ्यामुळे नव्हे, तिच्या स्वतःच्या हक्काने मिळाला.