आनंद कितीजणांना?

हिरेगाव संस्थानच्या राजेसाहेबांना नवी मोटार घ्यायची होती, म्हणून त्यांनी दोन गाड्या घाटातून चालवून पाहिल्या. काळी गाडी निमूट वर चढली, पण राजेसाहेबांना जांभया आल्या. लाल गाडी वाऱ्यासारखी पळाली आणि वळणावळणावर राजेसाहेब पोरासारखे हसले. मात्र ती तीनदा बंद पडली.

लाल गाडी विकायला आलेले मुंबईचे एजंट भालेराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "दोष तुमच्या घाटाचा, सरकार. चालवण्यातला असा आनंद दुसऱ्या कुठल्या गाडीत नाही!"

राजेसाहेब भुलले. तरी त्यांनी आपल्या बाबालाल मिस्त्रीला विचारलं.

"या पान्हेवाल्याला काय कळणार?" भालेरावांनी नाक मुरडलं.

"तू सांग, बाबालाल," राजेसाहेब म्हणाले. "पण लाल गाडीला नावं ठेवलीस, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

बाबालालची वीस वर्षांची चाकरी होती. पण घाटात गाडी ढकलून त्याचे खांदेही ठणकत होते. त्याने वाकून मुजरा केला.

"सरकार, एजंटसाहेब कमीच बोलले. काळी गाडी सरकारांना नेईल आणि आणील, बाकी कुणाला पत्ताही लागणार नाही. लाल गाडीचा आनंद मात्र साऱ्या संस्थानाला! सरकार चालवणार, आम्ही दहाजण ढकलणार आणि उरलेली रयत बघायला जमणार."

मग राजेसाहेब इतके हसले की त्यांचा फेटा सुटला.

"काळीच घ्या!" ते डोळे पुसत म्हणाले. "आणि बाबालाल, मजेसाठी तू माझ्या शेजारी बसत जा."