गाडग्यातली तडतड

एका राज्यात कुळाला फार मान होता. तेथे हत्तींच्या वंशावळी भर दरबारात म्हटल्या जात, घोड्यांच्या आज्या-पणज्यांची नावे मोतद्दारांना तोंडपाठ असत, आणि दारातले तुळशीचे रोप कोणाच्या घरून आले हेसुद्धा लोक मोठ्या तोऱ्यात सांगत. अशा त्या राज्याच्या राजवाड्यात, खुद्द राजाच्या पलंगावर, असा एक कुत्रा झोपत असे की ज्याच्या कुळाचा कोणालाच पत्ता नव्हता.

त्याचे नाव खारक्या. मिठाच्या व्यापाऱ्यांच्या बैलांमागून तो एके दिवशी नगरात आला आणि राजवाड्याचे दार उघडे दिसले म्हणून आत शिरला. रंग वाळक्या खारकेचा, अंगही तसेच सुरकुतलेले. राजाच्या श्वानपालाने त्याला उलटसुलट करून पाहिले. एक कान शिकारी कुत्र्यासारखा ताठ, दुसरा धनगराच्या कुत्र्यासारखा पडलेला, पाय आखूड, शेपूट वळलेली आणि हनुवटीला चक्क दाढी.

"महाराज, ही उरल्यासुरल्याची खिचडी आहे," श्वानपाल नाक मुरडून म्हणाला.

"मग राहू दे," राजा म्हणाला. "मला खिचडी आवडते."

राजाचे नाव चित्ररथ. राणी फार पूर्वीच वारली होती, मूलबाळ नव्हते. त्यामुळे खारक्याचे फावले. सकाळी राजाच्या तळहातात ओले नाक खुपसून तो त्याला उठवी. ताटातल्या भाकरीचा पापुद्रा त्याचा आणि भाकरी राजाची, अशी वाटणी आपोआप ठरून गेली होती. भाट राजाची स्तुती गाऊ लागला की खारक्या सिंहासनाखाली घोरू लागे, आणि खरे सांगायचे तर राजालाही मनातून तेच करावेसे वाटे. झोपायला त्याला गोणपाटाचे मऊ अंथरूण दिले होते, पण लबाड त्यावर कधी निजला नाही. राजाच्या पायांवरच यायचा.

आणि त्याचे ते स्वागत! राजा नुसता स्नान करून परतला तरी दीर्घ स्वारीवरून जिवंत परत आल्यासारखा खारक्या धावत येई. फरशीवर नखांची तडतड तडतड होई, अंगाची कमान होई, दाढीतून कसलेसे कुंथणे निघे. राजा म्हणे, "पुरे, पुरे." आणि पुढे निघून जाई. रोजचेच होते ते.

एका शिकारीत राजा घोड्यावरून पडला आणि त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून तो काठी टेकत, पाय ओढत चाले. लोकांना त्याचे काही वाटत नव्हते. पण एके दिवशी दरबारात येताना राजाच्या कानी कोणाचे तरी दाबलेले हसू पडले. बस्स. त्यानंतर प्रत्येक खोकल्यात त्याला हसू ऐकू येऊ लागले. प्रधान देवदत्त एखाद्या गोष्टीला नको म्हणाला की राजाला वाटे, लंगड्याला कोण विचारतो!

राजवाड्याच्या अंगणात बकुळीवर एक भारद्वाज राहत असे. तो माणसांसारखे बोले. खोटे तो कधी बोलत नसे, पण विचारल्यावाचून काही सांगतही नसे. राजाने त्याला विचारले, "माझा शब्द कोणीही मोडू नये, असा काही उपाय आहे काय?"

"आहे," भारद्वाज म्हणाला. "उत्तरेच्या डोंगरात धबधब्यामागे यक्षिणीची गुहा आहे. तिच्यापाशी आज्ञामुकुट आहे. तो ज्याच्या मस्तकी, त्याची आज्ञा माणसे पाळतात, जनावरे पाळतात, वारा पाळतो. तुमचा पायही पाळील, महाराज."

राजाने पुढचे ऐकलेच नाही. मुकुटाचे मोल काय, हे त्याने विचारले नाही, म्हणून भारद्वाजाने सांगितले नाही.

गुहेत फडताळांवर गाडगी मांडली होती, प्रत्येकाचे तोंड फडक्याने बांधलेले. यक्षीण सुपात तांदूळ पाखडत बसली होती. राजाकडे न पाहताच ती म्हणाली, "तुला रोज फुकट मिळते अशी एक गोष्ट मला दे आणि मुकुट ने."

राजा विचारात पडला. मुजरा करणाऱ्याला जहागीर हवी असते, गाणाऱ्याला कडे. राजाला फुकट काय मिळणार? मग तो हसला. "माझा कुत्रा रोज माझे स्वागत करतो. ते घे."

"विचार कर."

"एका कुत्र्याने शेपूट हलवली काय आणि न हलवली काय!"

यक्षिणीने हवेत मूठ मिटली, एका रिकाम्या गाडग्यात उघडली आणि फडके बांधून टाकले.

राजा मुकुट घालून परतला तो ताठ चालत. अंगणात येताच त्याने काठी दूर भिरकावली. मग दगडी जिना झपझप चढून तो महालाच्या दाराशी आला. आत खारक्या बसला होता. त्याने राजाकडे पाहिले, मागे सरकला आणि गुरगुरला. कोणी परका माणूस घरात शिरला होता ना!

राजाने खांदे उडवले. कारण दरबारात मोठी मौज चालली होती. जन्मभर "क्षमा असावी, पण हे बरोबर नाही" म्हणणारा देवदत्त आता "जशी आज्ञा" म्हणत होता. राजाला अंगाखांद्यावर वाढवणारी येसू दाई आजवर त्याच्या हातातला लाडू काढून घेई, तीच आता हात जोडून उभी राहत होती. नदीला "जरा सरक" म्हटले, नदी सरकली. हे सगळे काही काळ फार गोड लागले.

एके दुपारी राजाचे डोके दुखत होते. तो पुटपुटला, "जरा गप्प बसा रे सगळे." आणि झोपी गेला. दिवस कलताना उठून पाहतो तो नगर मुके. बाजारात माणसे ओठ हलवीत होती. देवळातली घंटा हलत होती, वाजत नव्हती. सज्ज्याखाली एक बाई मांडीवरच्या तान्ह्याकडे भेदरून पाहत होती. ते बाळ तोंड फाडून रडत होते आणि आवाज येत नव्हता. राजा ओरडला, "बोला! बोला!" तसे सगळे बोलू लागले, पण त्याच्यावर रागावले कोणीच नाही. एकानेही त्याला बोल लावला नाही. तेव्हा राजाला प्रथमच भीती वाटली.

तो धावत महालात गेला. खारक्या कोपऱ्यात होता.

"इकडे ये."

खारक्या आला.

"शेपूट हलव."

शेपूट हलली. नुसती शेपूटच हलली. बाकीचा कुत्रा दगडासारखा उभा होता आणि डोळे भिंतीकडे लागले होते. "पुरे," राजा म्हणाला, तशी शेपूट थांबली. राजा तेथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. या एवढ्या मोठ्या वाड्यात त्याला त्याच्या मुकुटावाचून ओळखणारा एकच जीव होता, आणि तो त्याने हसत हसत देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी तो यक्षिणीपुढे उभा राहिला. तिने ते गाडगे त्याच्या कानाशी धरले. आत अगदी हळू, दूर कोठे तरी, फरशीवर नखे वाजत होती.

"हे परत हवे," राजा म्हणाला.

"मुकुट दे आणि तीन गोष्टी आण. तुझ्या कुत्र्याने लपवलेली वस्तू. त्याला भय वाटते ती वस्तू. आणि ज्या आवाजाची तो वाट पाहतो, तो आवाज. मात्र त्याला एकही आज्ञा केलीस, तर हे गाडगे कायमचे रिकामे होईल."

राजा मान खाली घालून परतला. इतकी वर्षे हा कुत्रा त्याच्या पायांवर झोपला, आणि यातले एकही त्याला ठाऊक नव्हते.

चुकून आज्ञा होऊ नये म्हणून त्याने तोंड उघडणेच बंद केले. मुकुट मात्र उतरवला नाही, कारण उतरवला की पाय लंगडणार आणि ते सगळे पाहणार. तो खारक्याच्या मागे मागे, चार हात अंतर राखून हिंडू लागला. कुत्रा गुरगुरला की राजा थांबे. कुत्रा निजला की राजा बसे. राज्याचा धनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, गोठ्यात, राखेच्या ढिगाशी बसलेला लोक पाहत, आणि मुकुटामुळे कोणी काही विचारीत नसे.

अशाने त्याला कळले की खारक्या मोरांवर भुंकतो, पण मोर वळला की आपण भलतीकडेच पाहत होतो असे दाखवतो. उन्हाचा कवडसा फरशीवरून सरकला की झोपेतच त्याच्यामागे सरकतो. पाणी पिऊन दाढी दाईच्या पदराला पुसतो. राजा मनात म्हणाला, अरे, हे सगळे माझ्याच घरात चालले होते!

एका सकाळी खारक्या धान्याच्या कोठारामागे गेला आणि जमीन उकरून, खात्री करून, पुन्हा माती लोटून आला. तो गेल्यावर राजाने उकरले. आत राजाची एक मोजडी निघाली, दाईचा हरवलेला कालथा निघाला, आणि सर्वांत खाली, दातांच्या खुणांनी भरलेली, राजाने भिरकावलेली काठी. कोणाची ते कुत्र्याला आता आठवत नव्हते. तरीही त्याने ती जपून ठेवली होती. राजाने ती पुसून काखेत धरली.

भय सापडायला वेळ लागला. हत्तींना खारक्या भीत नव्हता, नगाऱ्याला नाही, विजेलाही नाही. पण एकदा कोठाराशी धान्य उतरत होते. एका हमालाने रिकामे गोणपाट झटकले, आणि खारक्या पोट जमिनीला लावून थरथरत सरपटत गेला. त्याच्या अंगाखाली ओल झाली. कधी काळी कोणीतरी या पिलाला पोत्यात कोंबून टाकून दिले असले पाहिजे. आणि राजाने त्याला अंथरूण दिले होते तेही गोणपाटाचेच! तो लबाडीने पायांवर येत नव्हता. राजाने ते अंथरूण उचलून घेतले.

उरला आवाज. राजाने ताटली वाजवून पाहिली, घुंगरू वाजवले, शिंग फुंकले. खारक्याने कानही हलवला नाही. मात्र रोज दिवेलागणीला तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसे. ताठ कान आणखी ताठ होई, पडका कानही अर्धा उभा राही. तो ऐकत बसे. अंधारले की उठून आत जाई. कोणाची वाट पाहतो, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

राजाने भारद्वाजाला एका कागदावर लिहून विचारले. भारद्वाज म्हणाला, "ते मला माहीत नाही, महाराज. मी उडतो. जिना कधी चढलो नाही."

शेवटी राजा काठी आणि गोणपाट घेऊन गुहेत गेला. "दोन आणल्या," तो म्हणाला. "तिसरी मिळाली नाही."

"मग गाडगे मिळणार नाही," यक्षीण म्हणाली. "मुकुट तुझा तुझ्याकडे राहू दे. सुखाने राज्य कर."

राजा जायला वळला. ताठ पाय, हलका पाय. मग त्याला ती वरची पायरी आठवली आणि तिच्यावर ऐकत बसलेले ते सुरकुतलेले अंग आठवले. त्याने दोन्ही हातांनी मुकुट उतरवला.

"हा घे. बदल्यात काही नको," तो म्हणाला. "त्याला मी परकाच राहीन. रोज पापुद्रा पुढे ठेवीन, लांब बसेन. कधी ओळख झाली तर झाली."

मुकुट उतरताच पाय लुळा पडला. राजाने भिंत धरली, मग हातात होती तीच चावलेली काठी टेकली आणि मुकुट ठेवायला यक्षिणीच्या पाटाकडे निघाला. टक्, सर्र. टक्, सर्र.

फडताळावर काहीतरी तडतडले.

राजा थबकला. तडतड थांबली. त्याने काठी टेकली, पाय ओढला. टक्, सर्र. गाडग्यात नखे वाजली, आता दूर नव्हे, अगदी जवळ. आणखी एक पाऊल. गाडगे थरथरू लागले. राजाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, कारण आता त्याला कळले होते की खारक्या वाट पाहत होता ती या लंगड्या पायाची. ज्याची त्याला आजवर लाज वाटत होती, त्याच पायाची.

"तिसरी गोष्ट मिळाली," यक्षीण म्हणाली आणि प्रथमच तिने सूप खाली ठेवले.

गाडगे आपण होऊन फडताळावरून उडाले आणि फुटले. त्याच क्षणी मुकुटाची माती झाली. गुहेतून वाऱ्याचा एक झोत बाहेर पडला आणि आखूड पायांनी पळाल्यासारखा नगराच्या दिशेने धावत गेला.

राजा घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणातच येसू दाई आडवी आली. "कुठं उंडारत होतास रे? गुडघा बघ, पार सुजलाय! आणि माझा कालथा त्या कुत्र्यानं पुरला होता, तू उकरताना पाहिलं मी, तरी बोलला नाहीस?" मागून प्रधान देवदत्त आला. "क्षमा असावी, महाराज, पण नदी सरकवली ते अजिबात बरोबर झाले नाही." राजा दोघांकडे पाहून इतका हसला की त्यांना वाटले, याला ऊन लागले.

मग तो जिना चढू लागला. वरच्या पायरीवर दोन कान उभे राहिले, एक पूर्ण आणि एक अर्धा. पुढे काय झाले ते पाहायला कोणी थांबले नाही, पण खाली अंगणापर्यंत ती तडतड ऐकू आली, आणि ते कुंथणे, आणि राजाचा आवाज. या खेपेला तो "पुरे, पुरे" म्हणत नव्हता.

गोणपाट राजाने जाळून टाकले. दरबारात अजूनही वंशावळी म्हटल्या जातात, फक्त खारक्याची पाळी आली की भाट म्हणतो, "कूळ अज्ञात, घर हेच," आणि खारक्या सिंहासनाखाली घोरतो. राजवैद्याने पायावर नवा लेप आणला होता, तो राजाने परत पाठवला. ज्याचे हरवले त्याला मिळाले, ज्याचा आवाज गेला होता तो बोलू लागला, आणि राज्याची घडी पुन्हा बसली. तेव्हापासून दिवेलागणीला राजा जिना मुद्दाम सावकाश चढतो.