पुढची जागा

“पुढची जागा मला कधी देणार, वस्ताद?”

समरजितनं हे उभ्याउभ्याच विचारलं. दस्तगीर वस्ताद तालमीच्या पायरीवर बसून सुपातली मटकी निवडत होते. मोड आलेले दाणे एका बाजूला, टणक राहिलेले दुसऱ्या बाजूला.

“कुठली पुढची?”

“व्यायामाला सगळ्यांच्या पुढं जो उभा राहतो, ती.”

“तिथं सदुभाऊ आहेत.”

“तेच म्हणतोय मी.”

वस्तादांनी एक टणक दाणा वेचला आणि बाजूला टाकला.

या तालमीत आता कुस्त्या होत नाहीत. सकाळी कुणीही यावं आणि व्यायाम करावा. गुडघे धरलेल्या बायका येतात. साखरेचे आजारी येतात. पोलिओनं पाय बारीक झालेला एक शिंपी येतो, तो खुर्चीवर बसून हात हलवतो. सगळे ओळीत उभे राहतात. एकजण पुढं एकटा असतो आणि वस्ताद सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून. आकडे तेच म्हणतात. नंतर सगळे कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसून एकाच पातेल्यातलं खातात.

समरजित याच तालमीतला, त्याची आई अजून याच गावात राहते. आता तो पुण्याच्या एका मोठ्या जिममध्ये लोकांना शिकवतो. त्याचे दंड सदऱ्याच्या बाहीत मावत नव्हते.

“लोक समोरच्याकडं बघून शिकतात,” तो म्हणाला. “सदुभाऊंना लकवा होऊन गेलाय. त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. त्यांच्याकडं बघून कुणी काय शिकायचं?”

“हं.”

“आणि तुम्ही आकडे किती सावकाश म्हणता, वस्ताद. पुण्यात एवढ्या वेळात आमचा सगळा वर्ग आटोपतो.”

“मग पुढं काय करतात?”

“कोण?”

“आटोपल्यावर.”

“… घरी जातात.”

वस्तादांनी मान हलवली, जणू त्यांना एक नवी माहिती मिळाली.

समरजित खाली बसला. आता त्याचा आवाज उतरला होता.

“तुम्ही मला आल्याआल्या पुढं उभं केलं होतं. केवढासा होतो मी. माझ्या मागं सगळे पैलवान. त्या दिवसापासून मला वाटत आलं, आपल्यात काहीतरी आहे. मग अंगात जोर आला, आणि तुम्ही मला मागच्या ओळीत ढकललंत. नंतर आणखी मागं. का, ते सांगितलं नाहीत. मी इथून गेलो तो त्यामुळंच.”

वस्तादांची बोटं सुपातच राहिली.

“आज काय ते सांगा. नाही म्हणालात तर संध्याकाळच्या गाडीनं जातो. परत यायचा नाही.”

“आधी खायला बस,” वस्ताद म्हणाले आणि सूप घेऊन उठले.

व्यायाम संपला होता. माणसं हौद्याच्या कडेला बसत होती. सदुभाऊ अजून लांब नळावर होते. ते एसटीचे जुने ड्रायव्हर. डाव्या हातानं उजवा हात धरून, बोटं एकेक करून धूत होते.

हौसाक्कानं समरजितच्या हातात उसळीची वाटी दिली. हौसाक्का तालमीचा स्वयंपाक करते आणि पदर खोचून व्यायामही करते.

समरजितनं एक घास खाल्ला.

“आक्का, मीठ विसरलीस.”

“विसरले न्हाई.”

“मग?”

हौसाक्कानं नळाकडं बघितलं. मग आवाज खाली आणला.

“सदुभाऊला मीठ कमी सांगितलंय डॉक्टरनं.”

“त्यांना सांगितलंय. आम्हाला कुठं सांगितलंय?”

“येगळं वाढलं की त्यो खात न्हाई. तोंड पाडून बसतो. त्याला वाटतंय, तालमीची उसळ अशीच असती.”

शेजारी नागाप्पा बसले होते. ते इथले जुने पैलवान, आता दात नाहीत. त्यांनी कमरेची पुडी काढून आपल्या वाटीत गुपचूप मीठ टाकलं.

“मला बघितलं नाहीस तू,” ते समरजितला म्हणाले.

समरजित हसला नाही. वाटीत बघत म्हणाला, “इथलं जेवण पहिल्यापासून असलंच. पैलवानांची तालीम म्हणायची आणि आहाराचं कुणाला काही कळत नाही. माझ्या लहानपणी तर याहून वाईट. तेल नाही, तिखट नाही. रोज नुसती पेज आणि मुगाचं पाणी.”

हौसाक्का पदर तोंडाला लावून हसली.

“काय झालं?”

“आरं, ते तुज्या काविळीचं वरीस.”

“… माझ्या?”

“तर. दवाखान्यातनं उठून आलावतास. काडीवानी. तुला तेलाचं वावडं, मग आख्ख्या तालमीला वावडं. ह्यो नागाप्पा मला रोज शिव्या द्यायचा.”

“देणार नाही तर काय,” नागाप्पा म्हणाले. “कुस्त्या मारणारा गडी मी, आणि पेज पितोय. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, कुणाचं बाळंतपण चाललंय तालमीत?”

दोघंही हसले. समरजितची वाटी हातात तशीच होती.

“आणि खाण्याचं सोड,” नागाप्पा पुढं म्हणाले. “जोर मारायचे ते पण तुझ्या मापानं. तू वाकलास की आम्ही वाकायचो. तू धापा टाकत बसलास की सगळी तालीम बसली. माझ्या अंगाला घाम म्हणून यायचा नाही. म्हणून तर वस्तादांनी तुला पु…”

“नागाप्पा,” पलीकडं येऊन बसलेले वस्ताद म्हणाले.

नागाप्पांनी पुडी परत कमरेला खोचली. हौसाक्का उगीचच पातेलं खरवडायला लागली.

सदुभाऊ नळावरून आले आणि आपल्या जागेवर बसले. पहिला घास खाऊन म्हणाले, “हौसाक्का, तुझ्या हाताला चव आहे बघ. घरचं बाधतं, हे बाधत नाही.”

“खावा निवांत,” हौसाक्का म्हणाली.

समरजितनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद भाकरी मोडत होते.

“मला सांगितलं का नाही कधी?”

“तू खायचा थांबला असतास.”

“… आणि पुढं उभा राहायचा?”

वस्तादांनी भाकरीचा तुकडा त्याच्या वाटीत ठेवला. समरजितनं तो खाल्ला नाही. वाटी जमिनीवर ठेवून तो उठला आणि निघून गेला.

संध्याकाळची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक तालमीत आले तेव्हा समरजित आधीच येऊन उभा होता. सगळ्यात शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात. त्याचे डोळे सुजलेले होते. हौसाक्कानं ते बघितलं आणि पदर खोचून ती आपल्या जागेवर गेली.

सदुभाऊ आले. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि आपल्या पुढच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

वस्ताद त्या खुंटीकडं बघत राहिले. खुंटी डोक्याच्या वर आहे. रोज सदुभाऊ पिशवी डाव्या हातानं अडकवतात. आज उजव्या हातानं अडकवली होती. सदुभाऊंच्या ते ध्यानातही आलेलं दिसत नव्हतं.

वस्ताद भिंतीपासून निघाले आणि ओळींमधून चालत पुढं गेले. त्यांनी सदुभाऊंच्या पाठीवर हात ठेवला.

“आजपासून दुसऱ्या ओळीत.”

सदुभाऊंचा चेहरा उतरला.

“माझं काही चुकलं का, वस्ताद?”

“नाही.”

“मी नीट करतो की. काल जरा दमलो होतो, पण…”

“दुसऱ्या ओळीत,” वस्ताद म्हणाले.

सदुभाऊ मागं सरकले. हौसाक्कानं त्यांना जागा करून दिली. ते तिथं मान खाली घालून उभे राहिले, शाळेत बाकावरून उठवल्यासारखे.

मागच्या कोपऱ्यातून समरजित त्यांच्याकडं बघत होता.

पुढची जागा रिकामी राहिली. सगळे थांबले. खुर्चीवरच्या शिंप्यानं वर केलेले हात परत मांडीवर ठेवले.

वस्ताद शेवटच्या ओळीत आले.

“इथं का उभा?”

“मला इथं बरं आहे.”

“रात्री झोपलास?”

“नाही.”

“जेवलास?”

समरजितनं नाही म्हणून मान हलवली.

“आई काय म्हणाली?”

“ती विचारत होती, काय झालं. मला सांगता आलं नाही.”

“हं.”

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“जमंल का आज?”

“काय?”

“व्यायाम. जमंल?”

समरजितनं पायाखालच्या मातीकडं बघितलं.

“नाही, वस्ताद.”

“मग चल पुढं.”