भुरीच्या कानावरच्या चिरा

त्या राज्यात गवत बारा महिने हिरवं असे, आणि राज्याबाहेर गवतच नसे. मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, बैलाच्या वशिंडाइतकं उंच. राज्य बैलांचं. बैलांना ओझी वाहायचा केव्हाच कंटाळा आला होता, म्हणून ते बाहेरच्या जनावरांना कामाला आत घेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात पळसाच्या मुळांची दोरी बांधत. दोरी टिकेल तोवर राहायचं. ती कुजून गळून पडली की कुंपणाशी बसलेले कुत्रे उठत. त्या कुत्र्यांना राज्यानं कधी वेगळं खायला घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

कायमचं राहायचं तर मांडीवर बैलांचा डाग हवा. तापलेल्या लोखंडाचा, कातडी जळून मांस दिसेपर्यंत दिलेला. आणि तो मिळावा म्हणून जनावरं जीव टाकत, बघा! डागवाल्याला कुत्रे नुसतं हुंगून सोडून देत, शिवाय त्याला आपल्या रक्ताचं एक जण बाहेरून आत आणता येई. भुरी गाढवीला डाग हवा होता तो एवढ्याचसाठी. तिची लंगडी आई कुंपणापलीकडे होती. बाकी सगळा कळप लांडग्यांनी दोन उन्हाळ्यांत संपवला होता, आणि आता म्हातारीचीच पाळी होती.

डाग कुणाला द्यायचा हे कानावरच्या चिरांवरून ठरे. प्रत्येक लायकीच्या चिरा ठरलेल्या. दात कोवळे असले तर तीन, झिजले असले तर एक. बैलासारखं हंबरता आलं तर दोन. चिरा मारायचं काम सुळोजी नावाच्या रानडुकराकडे होतं. तोही एके काळी बाहेरूनच आलेला, पण आता मांडीवरचा डाग मिरवत हिंडे आणि नव्यांना सल्ले देई. कापताना कानाचा जो तुकडा पडे तो सुळोजीचा. तो तिथंच उभ्या उभ्या चावून खाई.

"पोरी, देवानं तुला कान काय दिलेत!" पहिल्या भेटीत तो भुरीला म्हणाला. "तट्टाचा कान आठ चिरांत संपतो. तुला वीस सहज बसतील."

"लागतात किती, सुळोजीमामा?"

"ते कुणी सांगावं? दर पंधरवड्याला भर दिवसा हाळ्या बैल हाळी द्यायला ओट्यावर चढतो. आधी आकडा सांगतो, मग नावं. नाव एकदाच घेतो हं, दुसऱ्यांदा नाही. ओट्यावरच्या खांबाची सावली खूरभर सरकायच्या आत पोचलीस तर डाग तुझा. नाहीतर जागा पुढच्याला."

भुरी कामाला लागली. हंबरायला शिकताना तिचा घसा फाटला, आठ दिवस ती पाण्याबरोबर रक्त गिळत होती. खडकाळीत एक हंगाम दगड वाहिले तर तीन चिरा मिळत, कारण तिथं एकही बैल पाऊल टाकायला तयार नसे. भुरी तिथं चार हंगाम गेली. पहिल्याच हंगामात तिच्या पुढचं खेचर घसरून दरडीखाली चिरडलं. डागवाल्या मुकादमानं त्याच्या पाठीवरचे दगड सोडवून भुरीच्या पाठीवर चढवले. खेचर अजून पाय झाडत होतं, पण कुणी मागं वळून पाहिलं नाही.

मालकाच्या शिफारशीच्या दोन चिरा असत आणि त्या मालकानंच आपल्या शिंगानं मारायच्या असत. भुरीचा मालक खिल्लाऱ्या वर्षभर टाळत राहिला. "देईन गं, घाई काय आहे? तू गेलीस तर माझी कणसं कोण वाहील?" शेवटी एकदा वैतागून त्यानं शिंग घातलं ते कानाच्या मुळापर्यंत. भुरीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "उपकार झाले, मालक," असं म्हणून ती ओझ्याखाली जाऊन उभी राहिली.

चिरा वाढत गेल्या, पण मेला तो आकडाही वाढत गेला. भुरीच्या नऊ झाल्या तेव्हा अकरा लागत होत्या. तेरा झाल्या तेव्हा पंधरा. जितकी जनावरं जास्त कापून घेत तितका तो चढत जाई. ज्यांचे कान संपले त्यांनी दुसऱ्यांचे कमी करायला सुरुवात केली. पवन्या नावाचं तट्टू भुरीबरोबर दोन पावसाळे एका गोठ्यात राहिलं होतं, एका गव्हाणीतलं खाल्लं होतं. एके सकाळी पाणवठ्यावर त्यानं मागून येऊन तिच्या उजव्या कानाचा शेंडा दातांत धरला आणि तीन चिरांसकट उपटला. भुरीनं फिरून मागच्या दोन्ही पायांच्या लाथा त्याच्या छातीवर घातल्या. फासळ्या मोडल्याचा आवाज झाला. तो पडल्यावरही ती थांबली नाही, हे सांगायलाच हवं. त्याचं तोंड ओळखू येईना तेव्हा ती थांबली. कुत्रे येऊन त्याला ओढत घेऊन गेले.

"चला, गर्दी एकानं कमी झाली," सुळोजी म्हणाला.

भुरी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खडकाळीत गेली.

गेलेल्या तीन चिरा तिनं भरून काढल्या आणि वर आणखी मिळवल्या. सोळा झाल्या. पण तोवर जखमांत पू झाला होता, पावसात किडे पडले होते. आधी उजवा कान ऐकेनासा झाला. पंधरा दिवसांनी डावाही. भुरीनं हे कुणालाच कळू दिलं नाही, कारण जनावर धडधाकट नसेल तर डाग मिळत नसे. तपासणीला कावळा आला. त्यानं दात पाहिले, खूर पाहिले, पापण्या उलटून पाहिल्या आणि कानांवरच्या चिरा मोजून निघून गेला. कानात डोकावायची पद्धत नव्हती.

मधून मधून ती कुंपणाशी जाई. काट्यांतून आईचं तोंड दिसे. कान ऐकत होते तेव्हा आई दर वेळी एकच ओरडत असे: "हे काय करून घेतलंस गं भुरे? पुरे कर! त्यापेक्षा लांडगे परवडले!" आता भुरीला नुसतं तोंड उघडलेलं दिसे, आणि आई काय म्हणत असेल ते तिला पाठ होतं.

मागच्या पंधरवड्याला आकडा अठरा होता. भुरीच्या दोरीचा एकच पदर उरला होता, तोही तिनं डिंक लावून चिकटवलेला. हाळी असली की ती एरवी गर्दीत उभी राहून इतरांचे चेहरे वाचत असे. पण आकडा कधी खाली आलेला नव्हता. आपल्या सोळा चिरांना आज कोण विचारतंय, असं म्हणून ती गर्दी सोडून आईला भेटायला गेली.

ओट्यावर हाळ्यानं आकडा सांगितला. पंधरा! का उतरला ते कुणालाच कळलं नाही. मग त्यानं पहिलं नाव घेतलं ते भुरीचं.

कुंपणापलीकडे म्हातारीचे दोन्ही कान धड होते. लेकीचं नाव तिनंच ठेवलेलं. ते ऐकताच ती लंगडत पुढं आली आणि तिनं डोकं सरळ काट्यांत घुसवलं.

"भुरे! तुझं नाव! अगं मागं फिर, तुझं नाव घेतलं!"

एक काटा तिच्या डोळ्यात गेला. तरी ती मागं हटेना. तोंडातून फेस येईपर्यंत ओरडत राहिली, मानेनं ओट्याकडे दाखवत राहिली, आणि जितकी मान हलवी तितके काटे आत जात.

भुरीला तिचं उघडलेलं तोंड दिसलं. डोळ्यातून वाहणारं रक्त दिसलं.

"रडू नकोस आई," ती म्हणाली. "मागं हो बघू, लागतंय तुला. झालंच आता. दोनच कमी आहेत."

खांबाची सावली खूरभर सरकली. हाळ्यानं पुढचं नाव घेतलं, आणि एक तरणं शिंगरू ओट्याकडे धावत सुटलं. भुरीच्या गळ्यातला शेवटचा पदर सुटला, दोरी पुढच्या पायांवरून घसरून गवतात पडली. तिच्या मागं कुत्रे उठले. म्हातारीनं ते पाहिलं आणि ती आणखी मोठ्यानं किंचाळली.

भुरी काट्यांजवळ तोंड नेऊन तिची समजूत घालत होती. "हे बघ ना, डाव्या कानाला अजून जागा आहे."