ढिगाचा कारभारी

जंगलाला अजून वाट फुटली नव्हती तेव्हाची गोष्ट. पालापाचोळा आणि मोडक्या फांद्यांच्या ढिगाला कारभारी नेमायचा होता. नेमणूक ज्याची, ढीग त्याचा, बाकीच्यांनी निघायचं. ढिगातच जन्मलेलं गांडूळ सभेला आलं.

"अंगाला माती? सभेत असं येतात?" म्हाताऱ्या कासवानं नाक मुरडलं.

"पाल्याची माती करायचं काम सोडून आलोय, आजोबा."

"तोंड बघा याचं!"

सभेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावून स्वच्छ पिसाऱ्याचा मोर नेमला. मोरानं ढिगावर फुलं पसरली, आत मात्र चोचही घातली नाही. म्हातारे खूश.

महिन्याभरात ढीग सडला. कासव गांडुळाच्या नव्या बिळाशी आलं. "पोरा, परत चल. फक्त अंघोळ करून ये."

गांडूळ मातीत शिरलं. कासवानं नाक दाबलं. घाण मात्र त्याच्या पाठीमागून, ढिगाकडून येत होती.