उष्टी रोटी

कझाकांच्या देशात एकदा एक अभिनेत्री अगदी मेटाकुटीला आली होती. आणि गंमत पाहा, तिचं दुःख हेच होतं की तिला फार सुंदर रडता येत होतं!

कोरलान तिचं नाव. बरीच वर्षं शेजारणीच्या आणि मैत्रिणीच्या भूमिका केल्यावर तिला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. लढाईवर निघालेल्या मुलाच्या आईचं. त्या गवताळ मुलखात एक जुनी रीत आहे. घरचं माणूस दूर निघालं की आई त्याच्यापुढे रोटी धरते. त्याने एक घास तोडायचा, उरलेली उष्टी रोटी आईने जपून ठेवायची आणि परत आल्यावर ती त्यानेच संपवायची. हा निरोप म्हणजे त्या चित्रपटाचा प्राण होता. कोरलान रोटी पुढे करी आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागे. दिग्दर्शक मात्र मान हलवी.

"खोटं वाटतं, बाई. उद्याही जमलं नाही, तर मला दुसरी कुणी बघावी लागेल."

कोरलानच्या पायाखालची जमीन सरकली. ती तडक आपल्या गुरूकडे, झौरेश आपांकडे गेली. वडीलधाऱ्या बाईला तिकडे आदराने आपा म्हणतात. या आपांनी पडद्यावर राणी केली, घोडे राखणारी केली, रेल्वेच्या फाटकावरची बाई केली; पण लोकांच्या मनात त्या राहिल्या आई म्हणूनच. ऐन तारुण्यात एकदा आईची भूमिका वाट्याला आली आणि ती जन्माची चिकटली.

"आपा, मला रडायला शिकवा. अगदी खरंखुरं."

"आधी बस. चहा घे. आज माझा मुलगा यायचाय."

कोरलान चपापली. आपांना मूलबाळ नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

एवढ्यात दारात पिकल्या केसांचे एक गृहस्थ उभे राहिले. दूरच्या गावातले शाळामास्तर. तरुणपणी त्यांनी एकाच चित्रपटात काम केलं होतं. आपांच्या मुलाचं. तो मुलगा रणात पडतो, अशी ती कथा होती. पुढे मास्तरांनी ती वाट सोडली, आणि आपांच्या घराची पायरी ते आज पहिल्यांदा चढत होते.

आपांनी फडताळातून एक गाठोडं काढलं. फडक्यात त्या चित्रपटातल्या निरोपाची, वाळून खडखडीत झालेली रोटी होती, आणि तिच्या कडेला दातांची खूण.

"घे, संपव. किती वाट बघायला लावलीस, मेल्या!"

"आपा, दात पडतील माझे!" मास्तर हसले. चहात बुडवून बुडवून त्यांनी ती सगळी रोटी खाल्ली. फडक्यावरचा चुरासुद्धा आपांनी गोळा करून त्यांच्या तळहातावर ठेवला.

मास्तर गेल्यावर कोरलानने हळूच विचारलं, "आपा, चित्रपटात तर तो परतत नाही ना?"

"ते लिहिणाऱ्याला ठाऊक, तुला ठाऊक. आईला कुठे ठाऊक असतं?" आपा म्हणाल्या. "वेडे, तू कथेचा शेवट वाचून रडतेस. आईने शेवट वाचलेला नसतो गं! जो यायचाच नाही, त्याच्यासाठी रोटी राखून कोण ठेवील? तो येणार, अशी तिची खात्री असते. डोळ्यांत पाणी आलंच तर ती गिळून टाकते. लेकराने जाताना हसरं तोंड पाहून जावं, एवढाच तिचा ध्यास. मला अभिनय किती आला कोण जाणे. मी खरोखर वाट पाहायची, इतकंच. या पोराची तर फार पाहिली."

कोरलानने आपांचे सुरकुतलेले हात कितीतरी वेळ आपल्या हातांत धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाला. तिने मुलाची कॉलर नीट केली आणि रोटी पुढे धरली. "बेताने रे, हावरटा! सगळी आत्ताच संपवलीस, तर आल्यावर काय खाशील?" असं म्हणून ती हसली. पटकथेत नसतानाही तो पोरगा वळून वळून मागे पाहत राहिला. दिग्दर्शकाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घ्यायचं नावही काढलं नाही.

सामान आवरणारा माणूस रोटी परत मागायला आला. कोरलानने ती ओढणीत घट्ट गुंडाळली.

"ही नाही मिळायची, दादा," ती म्हणाली. "माझा मुलगा यायचाय."