मागच्याने ओढायचं पाणी

एका राज्यात एक राजविहीर होती. कसलाही ताप तिच्या घोटभर पाण्याने उतरे. नियम एकच: आपलं पाणी आपण काढायचं नाही, मागच्याने पुढच्यासाठी ओढायचं. म्हणून तिथे सदा रांग असे, आणि रांगेत सोयरिकीही जुळत.

मग धूम्रनाथ नावाचा मांत्रिक आला. त्याच्या सोन्याच्या कुपीतला थेंब घरबसल्या मिळे, मोल म्हणून ओळखीच्या एका माणसाची आठवण द्यावी लागे. पहिला थेंब खुद्द राजाने घेतला. यथा राजा तथा प्रजा. विहिरीकडे मग कोण फिरकणार?

विहीर राखणारी भिवराई एकटी उरली. गाव ठणठणीत होतं, पण तिला कुणी ओळखेना. ती पायऱ्या झाडी, दोर गुंडाळी, वाट पाही. एके दिवशी तिलाच ताप भरला. पाणी समोर होतं, ओढून द्यायला कुणी नव्हतं.

काठावरच्या झाडावरला भारद्वाज पक्षी म्हणाला, "तीन दारं ठोठाव, बाई. एक जरी माणूस आला तरी कुपीचा शाप सुटेल."

पहिलं दार शेजाऱ्याचं. "कोण आपण?" म्हणत त्याने ते लोटून घेतलं. दुसरं सख्ख्या बहिणीचं. गिरजेने तिला ओसरीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि विचारलं, "कोणत्या गावच्या तुम्ही?" भिवराईला रडू आलं. गूळपाणी तसंच ठेवून ती उठली.

तिसरं दार राजवाड्याचं. राजाही तापाने फणफणला होता, उशाशी धूम्रनाथ कुपी धरून उभा. थेंबाथेंबापायी राजा एकेक माणूस करत गावंच्या गावं विसरला होता, म्हणून तिथले रस्ते खचले होते, कोठारं ओस पडली होती. आता एकच आठवण उरली होती, पायथ्याशी बसलेल्या लेकीची.

"महाराज, विहीर अजून आपलीच आहे," भिवराई म्हणाली.

"पाणी आहे तिला?"

"पाणी आहे. माणूस नाही."

राजाने लेकीकडे पाहिलं आणि कुपी दूर सारली. "पालखी नको. भर बाजारातून चालत जाऊ."

विहिरीवर राजा पुढे, भिवराई मागे. तिने ओढलं, तो प्याला. मग तो मागे आला. दोराने त्याचे तळहात सोलले, पण घागर वर आली आणि ती प्याली. तिकडे कुपी तडकली, धूम्रनाथाचा धूर झाला, ज्याच्या त्याच्या आठवणी ज्याच्या त्याच्या घरी परतल्या.

सकाळी रांग लागली. गिरजा आली ती मान खाली घालूनच.

"ताई, काल तू गूळपाणी तसंच ठेवून गेलीस."

गिरजेने दोर हाती घेतला.

"पुढे हो. तुझं मी ओढते."

भिवराईच्या मागे जसं कुणी उभं राहिलं, तसं तुमच्या-आमच्या मागेही राहो.